दोन चाकांची खोली

माझ्या हातून आयुष्यात एकच गोष्ट बांधून झाली, आणि ती काय आहे हे अजून कुणी ठरवू शकलेलं नाही. वाहन कार्यालयाच्या मते तो माल आहे. आमच्या सोसायटीच्या मते अडथळा. मेव्हण्याच्या मते त्याची मूळ कल्पना, मी फक्त ती बिघडवली. मी तिला खोली म्हणतो. पाच फूट रुंद, आठ फूट लांब, आणि खाली दोन चाकं.

माझी बायको सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होती. उगम, मध्य आणि मुख असे नदीचे तीन टप्पे ती फळ्यावर निळ्या खडूने इतके सुरेख काढायची की शाळेचा शिपाई फळा पुसताना हळहळायचा. पण नदीचं मुख तिने स्वतः कधी पाहिलं नव्हतं. सुट्ट्या पेपर तपासण्यात गेल्या, मग माझ्या आईच्या आजारपणात, आणि मग तिच्याच दोन्ही किडन्यांनी एकदम राजीनामा दिला. तेव्हापासून तिचं पोटाचं डायलिसिस घरीच चालतं. पोटात कायमची एक नळी बसवलेली आहे. दिवसातून चार वेळा पोटातलं जुनं पाणी खालच्या पिशवीत उतरवायचं आणि हुकाला टांगलेल्या पिशवीतलं नवं दोन लिटर आत सोडायचं. अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, आणि धुळीचा कणही नको. नळीतून जंतू आत गेला की संपलं, असं नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या गोड माणूस आहेत, पण गोड बोलत नाहीत.

एका रविवारी दुपारच्या पिशवीसाठी हात धुता धुता बायको म्हणाली, "मला नदीचं मुख बघायचंय."

"कुठल्या नदीचं?"

"आपल्याच. जिचं पाणी या नळाला येतंय."

दोनशे ऐंशी किलोमीटर. जायला दीड दिवस, यायला दीड दिवस, आणि वाटेत दर पाच-सहा तासांनी एक बिनधुळीची बंद खोली. मी तीन लॉजना फोन करून विचारलं, तुमच्याकडे धूळ नसलेली खोली आहे का. दोघांनी फोन ठेवला. तिसऱ्याने घाबरून विचारलं, "साहेब, तपासणीवाले का?"

इथे मेव्हणा आला. मेव्हण्याचं बॅटऱ्यांचं दुकान आहे, मागे हुक असलेली एक जीप आहे, आणि जगातल्या कुठल्याही विषयावरचं पहिलं वाक्य त्याला येतं. दुसरं येत नाही. तो म्हणाला, "भाऊजी, तिथे खोली नाही ना? मग खोलीच घेऊन जाऊ."

पुढचे चार महिने मी त्याचं दुसरं वाक्य शोधत होतो.

ट्रेलर मिळाला तो खुर्च्या भाड्याने देणाऱ्या एका माणसाकडे. पत्र्याची बंद पेटी, मागे दोन झडपांचं दार, रंग पांढरा. "यात फक्त खुर्च्या नेल्या साहेब," तो म्हणाला. "कधी काही सांडलेलं नाही. बसणारी माणसंसुद्धा शांत असायची." शांत का असायची, हे मी विचारायला हवं होतं. ते कळलं तिसऱ्या दिवशी, पांढरा रंग खरवडताना. खालून आधी 'सर्व साहित्य मिळेल' एवढंच निघालं. आणखी खरवडल्यावर वर निळ्या अक्षरात 'अंतिम प्रवासाचे' निघालं.

मी घाईघाईने त्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. पण भूगोलाच्या बाईंना गॅलरीतून सगळं दिसतं. बायको वरून म्हणाली, "असू दे हो. गाडीला रस्ता तरी माहीत आहे."

मी सोडून इमारतीतले सगळे हसले.

काम आमच्या पार्किंगमध्ये चालायचं, त्यामुळे सल्ल्याला तोटा नव्हता. त्यात खालच्या मजल्यावरचे लेव्हलकाका. बांधकामावर सुपरवायझर म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तशी हे स्पिरिट लेव्हल ठेवतात. समोर जे येईल त्यावर ती आडवी ठेवून बुडबुडा बघायचा आणि उसासा टाकायचा. ट्रेलरच्या फरशीवर लेव्हल ठेवून ते म्हणाले, "चाकावरची वस्तू लेव्हलला कधीच नसते. आता बाईंच्या पोटातलं पाणी उतरणार कसं?"

त्या प्रश्नाने माझी आठवडाभराची झोप गेली. शेवटी नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पिशवी पोटाच्या वर, दुसरी पोटाच्या खाली, एवढंच लागतं. घर तिरकं असलं तरी चालेल." काकांना हे सांगितलं तर त्यांना फार लागलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस काम बरंच पुढे गेलं.

खिडकीचं मात्र मान्य करतो, चूक माझीच. खिडकी जमिनीपासून चार फुटांवर घ्यायची असं ठरलं होतं. मी टेप लावून चार फूट मोजले, वेल्डरला खूण करून दिली, त्याने ग्राइंडरने पत्रा कापला. मग आम्ही आत जाऊन बघितलं तर खिडकी गुडघ्याला. मी जमीन म्हणून रस्ता धरला होता, आणि ट्रेलरची जमीन रस्त्यापासून सव्वादोन फूट वर होती. वेल्डर सभ्य माणूस. त्याने फक्त विचारलं, "घरात लहान मूल आहे का?"

"नाही."

"मग चांगलं आहे," तो म्हणाला. काय चांगलं आहे ते त्याने सांगितलं नाही.

आतून सगळीकडे प्लायवूड ठोकलं, त्यावर पुसता येईल असा गुळगुळीत पांढरा पत्रा बसवला, प्रत्येक फट सीलंटने भरली. एक बाक, एक हात धुवायची टाकी; छताचा हुक तेवढा राहिला होता. धूळ आत येणं शक्य नाही अशी खोली मी तयार केली, आणि हवा आत येणंही शक्य नाही हे आम्हाला आत अडकल्यावर कळलं.

त्याचं असं झालं. दुपारी मी आणि मेव्हणा सीलंटचा शेवटचा हात देत होतो. वाऱ्याने दार आपटलं आणि बाहेरची कडी आपोआप पडली. सामानाच्या ट्रेलरला आतून कडी नसते. खुर्च्यांना बाहेर यायची गरज पडत नाही. खिडकीला काच अजून बसवायची होती म्हणून वेल्डरने तिथे पत्रा मारून ठेवला होता. आम्ही दार बडवायला लागलो. गेले चार महिने त्या पार्किंगमधून ठोकाठोकीचे आवाज येत होते, त्यामुळे कुणी ढुंकून बघितलं नाही. लेव्हलकाकांनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज मात्र आला.

सीलंटच्या वासाने डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मेव्हणा आधी विनोद करत होता. मग तो गप्प झाला, आणि तो गप्प झाला म्हटल्यावर मी घाबरलो. मी बायकोला फोन लावला.

"अगं, आम्ही ट्रेलरमध्ये अडकलोय. खाली येऊन कडी काढ."

पलीकडून अगदी शांतपणे, "आत्ताच नळी जोडलीय. जुनं उतरतंय. वीस मिनिटं तरी लागतील."

"मग शेजारी कुणाला तरी सांग."

"नळी लागलीय. उठता येत नाही. फोन करून बघते. तोवर खाली बसा, वर हवा गरम असते. आणि बोलू नका."

आम्ही खाली बसलो. मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं, की ती दिवसातून चार वेळा जिथे बसते ती जागा कशी असते. बंद दार, एक पांढरी भिंत, आणि कुणीतरी वेळेवर येईल की नाही ते माहीत नाही. सतरा मिनिटांनी लेव्हलकाकांनी कडी काढली. आम्ही पार्किंगमध्ये उताणे पडलो असताना त्यांनी दाराच्या चौकटीला लेव्हल लावली आणि म्हणाले, "चौकटच वाकडी. कडी पडणारच."

दुसऱ्या दिवशी मी दाराला आतूनही उघडता येईल असा खटका बसवला आणि छताजवळ जाळी लावलेली दोन भोकं पाडली. मग राहिलं नोंदणीचं.

मी स्वतः आवक-जावक कारकून. शिक्का नाही म्हणून मी तीस वर्षं लोकांना परत पाठवत आलोय, तेव्हा वाहन कार्यालयाच्या खिडकी क्रमांक चारपुढे मी बरोबरीच्या नात्याने उभा राहिलो. आतल्या कारकुनाने अर्ज वाचला.

"प्रयोजन, रुग्णासाठी फिरती खोली. म्हणजे रुग्णवाहिका. तिला इंजिन लागतं."

"इंजिन नाही. जीप ओढते."

"मग निवासी वाहन. त्याला संडास आणि स्वयंपाकाची जागा दाखवावी लागते."

"तिथे स्वयंपाक करून चालत नाही. धूर नको, वाफ नको."

"मग मालवाहू. जसं आहे तसंच ठेवा."

"त्यात माझी बायको बसणार आहे."

"चालू गाडीत बसवायची नाही. थांबल्यावर बसल्या तर आम्ही कशाला बघायला येतो? पण तपासणीत आत माणूस सापडला, तर नोंद मालात होईल."

"कसल्या मालात?"

तो चेष्टा करत नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. त्याने काचेखालची यादी काढली, तिच्यावरून बोट फिरवत खाली आला आणि म्हणाला, "नाशवंत."

त्याच्या जागी मीही तीच यादी बघितली असती. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला पोटाची नळी धरून बसावं लागलं. "दोन वर्षं मी तेच सांगतेय," ती म्हणाली, "पण तुम्हाला शिक्क्याशिवाय पटत नाही."

आता जे सांगायचं ते सांगायला मला आवडत नाही.

छताचा हुक खाली कुठवर लोंबवायचा ते मला नक्की करायचं होतं. खाली बाकाचं प्लायवूड घासून घासून माझ्या केसांत, भुवयांत, शर्टात सगळा भुसा होता. टेप घेऊन मी धावत वर आलो आणि काही न बघता आतल्या खोलीचं दार उघडलं. ती नळी जोडत होती. टोपण काढलेलं होतं. एक सेकंद, फार तर दोन. मी "हुक साडेचार फुटांवर चालेल का" असं विचारलंसुद्धा. तिने हाताने 'बाहेर जा' अशी खूण केली. मी दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी तिचं पोट दुखायला लागलं, अंग तापलं. उतरलेल्या पाण्याची पिशवी ती नेहमी वर्तमानपत्रावर ठेवून बघायची. पाण्यातून अक्षरं वाचता आली की सगळं ठीक. त्या दिवशी मोठ्या मथळ्यातला 'क'सुद्धा दिसला नाही. पाणी ताकासारखं गढूळ होतं.

अकरा दिवस दवाखान्यात. पहिले चार दिवस काय होईल सांगता येत नव्हतं. नर्सबाई वही घेऊन बसल्या, एकेक गोष्ट विचारायला लागल्या. हात किती वेळ धुतले, पिशवीला भोक होतं का, आणि मग, "मधे खोलीत कुणी आलं होतं?"

बायको माझ्याकडे बघत होती. "नाही," ती म्हणाली.

नर्सबाईंनी 'कारण अज्ञात' असं लिहिलं. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला हवं होतं, उघडलं नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पोटाचं आतलं अस्तर खराब झालंय, पिशव्यांनी जेमतेम महिना-दीड महिना निभेल, मग आठवड्यातून तीनदा दवाखान्यातलं यंत्र, आणि ते कायमचं. म्हणजे एका दिवसापेक्षा जास्त लांब कुठेच जाता येणार नाही.

मी खुर्च्यावाल्याला फोन करून ट्रेलर परत न्यायला सांगितला. पैसे नकोत, फक्त ने म्हटलं. तो आला, हुक अडकवायला वाकला, तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला. आजारपणाने आवाज बारीक झाला होता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय गेली नव्हती.

"ते न्यायचं नाही."

मी वर गेलो. "अगं, त्याच्यामुळेच तर झालं सगळं. म्हणजे माझ्यामुळे."

"माहीत आहे मला कुणामुळे झालं ते," ती म्हणाली. "एवढा ताप मी काय पार्किंग अडवायला काढला? महिना आहे हातात. केव्हा निघायचं ते सांगा."

त्या विषयावर ती एवढंच बोलली. नंतर कधीही नाही.

आम्ही आठव्या दिवशी निघालो. पुढे जीपमध्ये मेव्हणा आणि ती, मागे सामानाच्या ढिगात मी, आणि त्याच्या मागे ती पांढरी पेटी डुलत डुलत. रस्त्यात एका हवालदाराने अडवलं. दार उघडून आत बघितलं. पांढऱ्या भिंती, एक बाक, छताला हुक. त्याच्या चेहऱ्यावरून तो काहीतरी भयंकर समजला हे दिसत होतं.

"कागदावर माल लिहिलंय. माल कुठाय?"

"मीच," बायको जीपमधून म्हणाली, आणि त्याला मूत्रपिंडाचं कार्य पहिल्यापासून समजावून सांगायला लागली. पाच मिनिटांनी त्यानेच दार लावून दिलं.

वाटेत पिशवीची वेळ झाली की झाडाखाली थांबायचं. मी भिंती, बाक, टाकी औषधाने पुसून बाहेर यायचो, ती आत जायची. मग मी आणि मेव्हणा अर्धा तास बाहेर उभे. जाणारे-येणारे विचारायचे, आत काय आहे. मेव्हणा प्रत्येकाला वेगळं सांगायचा. पहिल्या मुक्कामाला एक टायर बसला, दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीची काच हादऱ्याने निखळली, तिथे मी प्लॅस्टिक ताणून चिकटवलं. दुपारी रस्ता संपला. पुढे वाळू, आणि वाळूच्या पलीकडे समुद्र.

नदी नव्हती.

म्हणजे होती, पण समुद्रापाशी नव्हती. पाव किलोमीटर आधीच ती एका हिरवट डबक्यात थांबली होती, आणि डबक्याच्या नि समुद्राच्या मधे वाळूचा लांबलचक आडवा बांध पडला होता. किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका माणसाला मेव्हण्याने विचारलं, "नदी समुद्राला कुठे मिळते?"

"आता कुठली मिळतेय," तो मान वर न करता म्हणाला. "वर धरणं झाली. पाऊस जोरात झाला तर मिळते, नाहीतर इथेच बसते."

मला वाटलं, आता मी इथेच वाळूत बसावं आणि परत उठू नये. चार महिने, एक पोट आणि दोनशे ऐंशी किलोमीटर खर्च करून मी तिला एक डबकं दाखवायला आणलं होतं. तिच्याकडे बघायचा मला धीर होईना.

ती ट्रेलरच्या पायरीवर बसली होती. डबक्याकडे बघत म्हणाली, "एका मुलीने पेपरात लिहिलं होतं. 'काही नद्या समुद्रापर्यंत पोचत नाहीत.' मी त्याखाली लाल रेघ मारली होती. पाठ नीट वाचावा, असं लिहिलं होतं."

"कोण मुलगी?"

"तेच आठवत नाहीये," ती म्हणाली. एवढ्या सगळ्या दुखण्यात पहिल्यांदा तिचे डोळे भरलेले मी पाहिले.

संध्याकाळकडे भरती चढायला लागली. लाटा बांधावर यायच्या आणि मागे जायच्या. मग एक लाट बांधावरून पलीकडे गेली, तिच्यामागून दुसरी, आणि डबक्याच्या पाण्यावर फेस पसरला. मेव्हणा गहिवरला. "बघ ताई," तो म्हणाला, "नदी जाऊ शकली नाही, तर समुद्र तिला भेटायला आला."

"त्याला भरती म्हणतात," बायको म्हणाली, आणि पिशवीची वेळ झाली म्हणून उठली.

मी आत पुसून घेतलं आणि नेहमीसारखा बाहेर पडायला वळलो. वारा सुटला होता. प्लॅस्टिकची खिडकी फडफडत होती, तिचा एक कोपरा सुटत होता.

"ते हाताने धरून ठेवावं लागेल," ती म्हणाली. "आतच थांबा."

"माझ्या अंगावर वाळू आहे."

"शर्ट बाहेर काढून टाका. हात धुवा, कोपरापर्यंत. मास्क लावा. मग दार लावा."

खरं सांगायचं तर दोन वर्षांत त्या अर्ध्या तासात मी एकदाही तिच्याजवळ बसलो नव्हतो. धुळीचं कारण चांगलं होतं. ते कारण नसतं तर मी दुसरं शोधलं असतं. मी हात धुतले, तिने सांगितले तेवढे, मग आणखी एकदा. खिडकी गुडघ्यापाशी असल्याने कोपरा धरायचा तर खाली फरशीवरच बसावं लागलं. माझ्या खांद्याला तिचा गुडघा लागत होता. तिने नळी जोडली, चिमटा उघडला. पाणी उतरायला लागलं तेव्हा तिने एकदा डोळे मिटले आणि ओठ दाबून धरले. ते दुखतं, हे मला माहीत नव्हतं.

"दुखतं?"

"शेवटी शेवटी."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"दाराबाहेर कसं सांगणार," ती म्हणाली.

बाहेर मेव्हणा कुणाला तरी सांगत होता की आत नकाशाचं काम चाललंय. मी प्लॅस्टिक घट्ट धरलं होतं आणि दुसऱ्या हातावरचं घड्याळ बघत होतो. पाच मिनिटं झाली होती. मग सहा.

"घड्याळ नका बघू हो," ती म्हणाली. "ते त्याच्या वेळेनेच उतरतं."

मी घड्याळाचा हात खाली घेतला. तिने तो आपल्या मांडीवर ठेवला.